उतारा वाचला, पण समजला का? – चिनी विद्यार्थी आणि इंग्रजी आकलनाचा सराव



‘समजणं म्हणजे काय’ या आपल्या मालेत आत्तापर्यंत आपण बरंच उंचावरून पाहिलं. शब्द आणि अर्थ, वाक्य आणि तात्पर्य, वाचक आणि लेखक असे मोठमोठे विषय झाले. आज जरा जमिनीवर उतरू या. मी एक अगदी रोजचं उदाहरण घेणार आहे. चीनमधला सोळा-सतरा वर्षांचा विद्यार्थी संध्याकाळच्या स्वाध्यायाच्या तासाला वर्गात बसून इंग्रजीचा उतारा सोडवतोय. समोर तीनशे-साडेतीनशे शब्दांचा मजकूर, खाली तीन-चार प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. एवढंच.

आता कुणी विचारेल, तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला या शिकवणीच्या विषयात काय रस? रस असा, की ‘मला हे समजलं’ असं आपण ज्याला म्हणतो, ते तपासायचं कसं, हा ज्ञानमीमांसेचा जुना प्रश्न आहे. आणि जगात हा प्रश्न दरवर्षी सर्वांत जास्त मुलांना, घड्याळ लावून, कुठे विचारला जात असेल तर तो चीनमध्ये. २०२४ साली तिथल्या गाओकाओला, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेला, १ कोटी ३४ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नाव नोंदवलं होतं. म्हणून आज हे उदाहरण.

परीक्षेचं वजन

थोडी पार्श्वभूमी सांगतो. चीनमध्ये परीक्षेने माणूस निवडण्याची परंपरा फार जुनी. राजदरबारी नोकरीसाठीची ‘केजू’ परीक्षा सुई राजवटीत, सातव्या शतकाच्या सुरुवातीला रुजली आणि १९०५ साली बंद झाली. म्हणजे सुमारे तेराशे वर्षं. आजची गाओकाओ वेगळी आहे, पण ‘एका परीक्षेने घराचं नशीब पालटतं’ ही भावना त्या मातीतलीच. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात ही परीक्षा बंद होती. १९७७ च्या हिवाळ्यात ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा सुमारे ५७ लाख लोक बसले आणि साधारण २ लाख ७० हजारांना प्रवेश मिळाला. शेतावर नाहीतर कारखान्यात दहा वर्षं काढलेले लोक त्यात होते.

त्या वेळी परकीय भाषेला फारसं महत्त्व नव्हतं. १९५० च्या दशकात तर इंग्रजीपेक्षा रशियनचाच जोर होता. पुढे चीनची दारं उघडली तसं इंग्रजीचं वजन वाढत गेलं आणि १९८३ पासून परकीय भाषेचे गुण पूर्ण धरले जाऊ लागले. २००१ साली तिसरीपासून इंग्रजी शिकवण्याचं धोरण आलं. आपल्याकडे महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं, म्हणजे दोन्हीकडची ही पिढी जवळजवळ समवयस्क म्हणायची.

आज गाओकाओत चिनी भाषा १५०, गणित १५० आणि परकीय भाषा १५० असे समान गुण आहेत. परकीय भाषा म्हणून जपानी, रशियन, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिशही घेता येते. पण बहुतेक मुलं इंग्रजीच घेतात. नव्या धाटणीच्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेची मांडणी अशी : ऐकण्याला ३०, वाचनाला ५०, भाषेच्या वापराला ३० आणि लेखनाला ४० गुण. वाचनात चार उतारे आणि त्यांवर पंधरा प्रश्न. शिवाय एक पाचवा उतारा, त्यातून पाच वाक्यं काढून घेतलेली आणि खाली सात वाक्यं दिलेली. कुठलं वाक्य कुठे बसतं ते ओळखायचं. भाषेच्या वापरात गाळलेल्या जागांचे दोन उतारे. लेखनात २५ गुणांचा एक प्रश्न असा, की अर्धवट गोष्ट वाचून ती पुढे लिहायची.

आता बेरीज करा बरं. ५०, अधिक ३०, अधिक २५ : १०५. म्हणजे १५० पैकी १०५ गुण असे आहेत, की छापील मजकूर समजला नाही तर तिथे हातच घालता येत नाही. वेळ एकूण दोन तास, त्यातली वीसेक मिनिटं ऐकण्यात जातात. वाचनाच्या पाच उताऱ्यांना जेमतेम पस्तीस-चाळीस मिनिटं मिळतात. सावकाश वाचायची चैन नाही.

चिनी वाचकाला नेमकं काय अडतं?

‘शब्द येत नाहीत, म्हणून समजत नाही’ असं पटकन म्हटलं जातं. शब्द लागतातच. चीनच्या उच्च माध्यमिक अभ्यासक्रमात तीन हजारांच्या आसपास शब्दांची यादीच दिलेली आहे. तिथे मुलांमध्ये एक विनोद प्रसिद्ध आहे. शब्दांची पुस्तकं अक्षरक्रमाने लावलेली असतात आणि सुरुवातीलाच शब्द येतो ‘अबँडन’, म्हणजे सोडून देणे. पुष्कळांचा अभ्यास तिथेच सुटतो. म्हणून ‘आम्हाला एकच इंग्रजी शब्द पक्का येतो’, असं मुलं हसत हसत म्हणतात.

पण शब्द पाठ असूनही अडतं, ते का बघू. पहिली अडचण ओळखीच्या शब्दांचीच. ‘अ‍ॅड्रेस’ म्हणजे पत्ता, हे पाठ. उताऱ्यात मात्र सरकार एखादी समस्या ‘अ‍ॅड्रेस’ करतं. ‘कव्हर’ म्हणजे झाकण, पण प्रवासी दिवसात तीस मैल ‘कव्हर’ करतो आणि वार्ताहर निवडणूक ‘कव्हर’ करतो. चिनी शिक्षकांनी या प्रकाराला नावच दिलंय : ओळखीचा शब्द, अनोळखी अर्थ. अनोळखी शब्द दिसला की मूल सावध होतं. ओळखीचा शब्द मात्र गाफील ठेवून फसवतो.

यात चिनी भाषेची घडण पण बघा. चिनीत डुकराचं मांस म्हणजे ‘डुक्कर-मांस’, गाईचं मांस म्हणजे ‘गाय-मांस’. संगणक म्हणजे ‘विजेचा मेंदू’, टेलिफोन म्हणजे ‘विजेचं बोलणं’. शब्द उघडून आत डोकावता येतं. इंग्रजीत ‘पिग’ वेगळं, ‘पोर्क’ वेगळं; एकाकडून दुसऱ्याकडे जायला वाट नाही. त्यामुळे मातृभाषेत नवा शब्द आला की तर्काने अर्थ लावायची सवय असलेलं हे मूल इंग्रजीत एकदम पोरकं होतं. मग त्याला तर्क शब्दाच्या आत न करता शब्दाच्या आजूबाजूला करायला शिकावं लागतं. मागचं वाक्य काय म्हणतंय, पुढे ‘बट’ आलंय की ‘सो’ आलंय, ते बघायचं.

दुसरी अडचण वाक्याची, आणि इथे आपल्याला गंमत वाटेल. चिनीत म्हणतात : ‘वो त्स्वोथियेन माय दं शू’. शब्दाला शब्द ठेवला तर – मी, काल, विकत घेतलेलं, पुस्तक. अगदी मराठीच! विशेषण कितीही लांब असो, ते नामाच्या आधी येणार. इंग्रजीत उलट : ‘द बुक आय बॉट यस्टरडे’. आधी पुस्तक हातात येतं, मग त्याची कहाणी. आता असं शेपूट तीन पदरी झालं की काय होतं? ‘द टीचर हू टॉट द बॉइज हू फेल्ड द टेस्ट लेफ्ट.’ हे घाईत वाचलं तर परीक्षा मुलांनी सोडली असं वाटतं. निघून गेले ते शिक्षक. मुख्य क्रियापद शेवटी जाऊन बसलंय.

चिनीत क्रियापदं एकामागोमाग नुसती ठेवता येतात, जोडकामाचे शब्द पुष्कळदा गाळले तरी चालतात, नातं संदर्भावरून कळतं. इंग्रजीचा हिशेब कडक आहे. एका उपवाक्यात काळ दाखवणारं क्रियापद एकच. दुसरं हवं तर जोडशब्द आणा, नाहीतर त्याचं रूप बदला. म्हणून चिनी शिक्षक ‘लांब, अवघड वाक्यं’ हा एक स्वतंत्र सराव घेतात. आधी मुख्य क्रियापदाखाली रेघ, मग त्याचा कर्ता, आणि बाकीचं सगळं कंसात. हे यांत्रिक वाटतं, पण आपल्याकडे संस्कृत शिकवताना अन्वय लावायला सांगत, तेच हे.

तिसरी अडचण काळाची. चिनी क्रियापद काळानुसार बदलत नाही. ‘काल’, ‘उद्या’ असे शब्द आणि काही छोटे अव्ययवजा शब्द ते काम करतात. त्यामुळे ‘शी वुड हॅव कम’ हे वाचताना मुलाच्या मनात ‘कम’ एवढंच उमटतं आणि ‘ती आली’ असा अर्थ होतो. आपण मराठीत ‘ती आली असती’ म्हणतो, आणि ‘असती’ या एका शब्दात ‘आली नाही’ हे येऊन जातं. चिनीत क्रियापदाला असं खास रूप नाही.

यावर एक वाद झाला होता, तो सांगण्यासारखा आहे. १९८१ साली आल्फ्रेड ब्लूम या अमेरिकन अभ्यासकाने मांडलं, की अशी रूपं नसल्यामुळे चिनी भाषकांना ‘असं झालं असतं तर’ या पद्धतीचा विचार अवघड जातो. त्याने तशा कथा चिनी वाचकांना वाचायला दिल्या होत्या. १९८३ साली टेरी आउ या संशोधिकेने हे प्रयोग पुन्हा केले आणि दाखवलं, की मजकूर नीट, सहज चिनीत लिहिला तर चिनी वाचकांना हा विचार उत्तम कळतो.

या वादातून आपल्याला एक गोष्ट शिकायची आहे. वाचकाला समजलं नाही, तर दोष वाचकाच्या बुद्धीचाच असतो असं नाही. तो मजकुराचा असू शकतो, प्रश्नाचा असू शकतो, किंवा दोन भाषांमधल्या खाचेचा असू शकतो. चिनी मुलाला ‘असं झालं असतं तर’ हा विचार येतोच. इंग्रजी तो विचार कुठल्या खुणेने दाखवते, तेवढं त्याला शिकायचंय. पंधरापैकी सहा उत्तरं बरोबर आलेल्या मुलाला ‘तुला डोकं नाही’ असं म्हणणाऱ्या कुणीही हे लक्षात ठेवावं.

चार पर्यायांची चार तऱ्हा

आता प्रश्नांकडे येऊ. एक छोटा उतारा मीच रचतो. एक माणूस सांगतोय : मी इमारतीच्या गच्चीवर मधमाश्या पाळल्या. पहिल्या वर्षी शेजारच्या बाईंनी तक्रार केली, मुलांना बाल्कनीत जाऊ देईनात. दुसऱ्या वर्षी मी घरोघरी मधाची एकेक बाटली दिली. यंदा बाईंनी मधमाश्या कधी जाणार असं विचारलं नाही. मध कधी येणार, असं विचारलं.

प्रश्न : शेवटच्या वाक्यातून काय सूचित होतं? पहिला पर्याय – मधमाश्या पर्यावरणाला उपयुक्त असतात. दुसरा – इमारतीतल्या सगळ्यांना मधमाश्या आवडू लागल्या. तिसरा – बाईंचा विरोध मावळला. चौथा – बाईंना मुलांची काळजी वाटत होती.

उत्तर तिसरा पर्याय, हे तुम्हाला कळलंच. पण बाकीचे तीन का चूक, ते नीट बघू या, कारण सरावाचं सगळं मर्म तिथे आहे.

पहिला पर्याय जगात खरा आहे, उताऱ्यात नाही. हुशार, वाचन असलेलं मूल इथे फसतं, कारण ते उताऱ्याचं न ऐकता स्वतःच्या ज्ञानाचं ऐकतं. चौथा पर्याय उताऱ्यात आहे, पण विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नाही. घाईत वाचणारं मूल इथे फसतं. त्याला ओळखीचा शब्द सापडतो आणि ते खूश होतं. दुसऱ्या पर्यायात, आपल्या न्यायशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर, अतिव्याप्ती आहे. एका बाईंबद्दलचा पुरावा सगळ्या इमारतीवर पसरवला.

या परीक्षेत ‘उताऱ्याला योग्य शीर्षक कोणतं’ असा प्रश्न हमखास येतो. तिथेही हेच दोन दोष बघायचे. एक शीर्षक फक्त दुसऱ्या परिच्छेदापुरतं, म्हणजे अव्याप्ती. एक इतकं मोठं की त्यात शंभर वेगळे उतारे मावतील, म्हणजे अतिव्याप्ती.

आणि लेखकाचा हेतू विचारला तर? मीमांसकांनी ग्रंथाचं तात्पर्य ठरवायच्या सहा खुणा सांगितल्यात : उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या सुरुवातीला याच कसोट्या घेतल्या आहेत. सुरुवात आणि शेवट जुळवून बघा, पुन्हा पुन्हा काय येतंय ते बघा, नवीन काय सांगितलंय ते बघा, परिणाम काय ते बघा, नुसतं स्तुती-निंदेसाठी आलेलं वेगळं काढा आणि युक्तिवाद कुठे नेतोय ते बघा. चिनी वर्गात शिक्षक ‘पहिला परिच्छेद, शेवटचा परिच्छेद आणि वारंवार येणारे शब्द आधी बघा’ असं सांगतात, तेव्हा यांतल्या पहिल्या दोन खुणाच ते सांगत असतात. ग्रंथ वेगळा, भाषा वेगळी; वाचणाऱ्या माणसाची गरज तीच.

सर्लची खोली, उलटी केलेली

आता मुख्य मुद्द्याकडे. चीनमध्ये एक शब्द आहे ‘शुआ-ती’. शब्दशः अर्थ प्रश्न घासणे, म्हणजे एकामागून एक प्रश्नसंच सोडवत सुटणे. दिवसाला दोन-चार उतारे, महिनोन् महिने. त्यातून काही युक्त्या तयार होतात. ‘ऑल’, ‘नेव्हर’, ‘ओन्ली’ असे टोकाचे शब्द असलेला पर्याय बहुधा चूक. उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे उचललेला पर्याय संशयास्पद. आधी प्रश्न वाचा, मग उताऱ्यात तो शब्द शोधा, आजूबाजूच्या दोन ओळी वाचा, खूण करा.

तुम्हाला जॉन सर्लचा १९८० सालचा ‘चायनीज रूम’ हा युक्तिवाद आठवत असेल. या मालेत आपण त्यावर बोललो होतो. एका खोलीत चिनी न येणारा माणूस बसलाय. बाहेरून चिनी अक्षरांत प्रश्न येतात. त्याच्याकडे नियमांची वही आहे. अमुक आकृती आली की तमुक आकृती बाहेर पाठव. उत्तरं बरोबर जातात, बाहेरच्यांना वाटतं आत चिनी जाणणारा कुणीतरी आहे. प्रत्यक्षात त्याला एक अक्षर समजत नाही.

आता ही खोली उलटी करा. आत चिनी मूल आहे, बाहेरून इंग्रजी येतंय, हातात युक्त्यांची वही आहे. पर्यायावर खूण होते, गुण पडतात. समजलं का? पंधरापैकी बारा आले म्हणून समजलं असं म्हणायचं का? सर्लने यंत्राबद्दल विचारलेला प्रश्न इथे हाडामांसाच्या मुलाबद्दल विचारायची वेळ येते, आणि मला हे जास्त गंभीर वाटतं. कारण ते यंत्र नाही. त्याला समजू शकतं. आपणच त्याला न समजता उत्तर द्यायला तयार करतोय.

पण मी एकतर्फी बोलणार नाही. ‘शुआ-ती’ला नावं ठेवणं सोपं आहे, विशेषतः ज्याला ती परीक्षा द्यायची नाही त्याला. कानसू किंवा ग्वेचौसारख्या डोंगराळ प्रांतातल्या तालुक्याच्या गावातलं मूल घ्या. त्याच्या घरी इंग्रजी कादंबऱ्या नाहीत, कुणी परदेशी गेलेलं नाही. पहिला उतारा बऱ्याचदा व्यावहारिक असतो : संग्रहालयाच्या सहलीचं पत्रक, शिबिराची जाहिरात, तिकिटांचे दर. शांघायच्या मुलाने असं पत्रक प्रत्यक्ष हातात धरलेलं असू शकतं. डोंगरातल्या मुलाने ते फक्त प्रश्नसंचात पाहिलेलं असतं. त्याच्यासाठी प्रश्नसंच हीच जगाची खिडकी आहे. तो घासणं त्याने सोडावं, असं मी कुठल्या तोंडाने सांगू? २०२१ साली चीनने नववीपर्यंतच्या शालेय विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर बंदी आणली, त्यामागेही घरांवरचा भार आणि ही विषमता हाच प्रश्न होता.

तेव्हा सराव करायचा की नाही हा प्रश्नच नाही. करायचाच आहे. प्रश्न एवढाच, की त्याच सरावातून मूल खोलीच्या बाहेर कसं येईल.

सराव कसा असावा

इथे मला चिनी परंपरेतलाच एक माणूस मदतीला घ्यायचा आहे. झू शी, सन ११३० ते १२००, सोंग काळातला थोर तत्त्वज्ञ. वाचावं कसं, यावर त्याने आयुष्यभर शिष्यांना सांगितलं आणि शिष्यांनी ते सहा सूत्रांत बांधलं. त्यातली तीन आपल्या कामाची आहेत. एक, क्रमाने जा. एक पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरीवर पाय ठेवू नका. दोन, मजकूर अंगवळणी पडेपर्यंत वाचा आणि मग त्यावर विचार करा. तीन, मन रिकामं ठेवून मजकुरात मुरा, आपलं मत त्याच्यावर लादू नका. दैवाचा खेळ असा, की परीक्षेपुरतं वाचण्यावर टीका करणाऱ्या या माणसाचीच भाष्यं १३१३ च्या फर्मानाने राजपरीक्षेचा अभ्यासक्रम झाली आणि १९०५ पर्यंत मुलं ती पाठ करत राहिली.

हे सगळं आजच्या मुलाच्या टेबलावर आणलं तर काय होईल? मी चार गोष्टी सांगतो.

पहिली. चिनीत ‘जिंगदू’ म्हणजे सखोल वाचन आणि ‘फानदू’ म्हणजे विस्तृत वाचन, असा भेद शाळेत सगळ्यांना माहीत असतो. घासण्याच्या सरावात दोन्ही राहून जातात. उतारा सखोलही वाचला जात नाही आणि वाचनाचा आनंदही मिळत नाही. म्हणून आठवड्यातले दोन उतारे असे ठेवावेत, की घड्याळ नाही. प्रत्येक लांब वाक्याचं मुख्य क्रियापद शोधायचं, प्रत्येक ‘इट’ आणि ‘दे’ कुणासाठी आलाय त्याला बाण काढायचा. आणि सोपं एखादं इंग्रजी गोष्टीचं पुस्तक रोज दोन-तीन पानं, प्रश्नांशिवाय.

दुसरी. वेळ लावून सोडवलेल्या उताऱ्यात उत्तराला खूण केली की लगेच, उत्तरं तपासण्याआधी, पुराव्याच्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ. रेघ कुठे मारावी कळत नसेल, तर ते उत्तर ‘माहीत’ नाही, ‘वाटतंय’. बरोबर आलं तरी. अंदाज लागला म्हणजे ज्ञान झालं असं नाही, हे प्लेटोपासून आपण सांगत आलोय. त्या मुलाला ते पेन्सिलीने शिकता येतं.

तिसरी. चिनी मुलं ‘त्स्वो-ती-बन’ म्हणजे चुकलेल्या प्रश्नांची वही ठेवतात. फार चांगली सवय. पण त्या वहीत बहुधा बरोबर उत्तर लिहिलं जातं. माझं म्हणणं, तिथे एक ओळ आणखी लिहा. मला चुकीचा पर्याय का आवडला? ‘जगात खरं होतं म्हणून’, ‘शब्द ओळखीचा दिसला म्हणून’, ‘एकावरून सगळ्यांवर गेलो म्हणून’, ‘वुड हॅव दिसलंच नाही म्हणून’. महिनाभराने वही चाळली की मुलाला स्वतःच्या वाचनाचा स्वभाव दिसतो. कुणी घाई करतं, कुणी स्वतःचं ज्ञान मध्ये आणतं. हे कुठल्याही उत्तरपत्रिकेत छापलेलं नसतं.

चौथी. सकाळी चिनी शाळांत ‘झाओ-दू’ असतं, सगळा वर्ग मोठ्याने वाचतो. बाहेरून तो नुसता गोंगाट वाटतो. पण सखोल वाचलेला उतारा दुसऱ्या दिवशी मोठ्याने वाचला, तर मूल कुठे थांबतं त्यावरून त्याला वाक्य कळलंय की नाही ते लगेच ओळखू येतं. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्येच श्वास घेतला, तर समजावं की गाठ सुटलेली नाही.

गोष्ट पुढे लिहिणं

आता शेवटचा प्रकार, मला सर्वांत आवडणारा. गोष्ट अर्धवट दिलेली असते, साधारण साडेतीनशे शब्द. पुढच्या दोन परिच्छेदांची पहिली वाक्यं दिलेली. विद्यार्थ्याने दीडशे शब्दांत गोष्ट पूर्ण करायची. ग्वांगदोंगच्या परकीय भाषा विद्यापीठातले वांग चूमिंग यांनी वाचन आणि लेखन असं जोडण्याचा आग्रह धरला आणि २०१६ साली चच्यांग प्रांताच्या परीक्षेत हा प्रश्न प्रथम आला.

इथे युक्त्यांची वही चालत नाही. काही शिकवण्या सूर्यास्ताची, डोळ्यांतल्या पाण्याची तयार वाक्यं पाठ करून घेतात, ते खरं. पण गोष्टीतला म्हातारा कोळी पहिल्या भागात अबोल, स्वाभिमानी असेल आणि मुलाने त्याला शेवटी मिठी मारून भाषण करायला लावलं, तर परीक्षकाला लगेच दिसतं की गोष्ट वाचलेली नाही. शाब्दबोधाला आकांक्षा, योग्यता आणि संनिधी लागतात, असं नैयायिक म्हणतात. इथे मुलाला त्याच गोष्टी स्वतः निर्माण कराव्या लागतात. मागच्याने कशाची अपेक्षा उभी केली, या माणसाला काय शोभेल, आणि माझं वाक्य मागच्याला लागून आहे का. वाचक म्हणून तो जे घेत होता, ते आता त्याला जबाबदारीने पुढे न्यायचंय. समजल्याची याहून चांगली परीक्षा मला तरी ठाऊक नाही.

एक प्रश्न

मगाशी एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवलीय : “सर, आता हे सगळे उतारे यंत्र काही सेकंदांत सोडवतं. मग त्या मुलाने रात्री दहापर्यंत बसून काय मिळवायचं?”

चांगला प्रश्न आहे. उत्तर एवढंच, की यंत्राने माझ्याऐवजी उतारा सोडवला तर उत्तर मिळतं, पण मी आहे तिथेच राहतो. मधमाश्यांच्या उताऱ्यात पहिला पर्याय का टाळायचा, हे ज्या मुलाला कळलं, ते स्वतःचं मत थोडा वेळ बाजूला ठेवून समोरचा काय म्हणतोय ते ऐकायला शिकलं. दुसरा पर्याय का टाळायचा हे कळलं, तर एकावरून सगळ्यांवर न जाणं ते शिकलं. हे इंग्रजीपुरतं राहत नाही. ते घरात, वादात, बातमी वाचताना लागतं. यंत्राने लिहिलेलं उत्तर बरोबर आहे का, ते तपासायलाही शेवटी हेच लागतं. आणि त्या मुलाला अठराव्या वर्षी प्रवेश कुठल्या विद्यापीठात मिळेल ते गुणांवर ठरेल, हे मी नाकारत नाही. पण त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षं ते काहीतरी वाचतच राहणार आहे, आणि तिथे खाली चार पर्याय दिलेले नसतात.

तुमच्या घरी कुणी उतारे सोडवत असेल, मग भाषा कुठलीही असो, तर आज रात्री गुण विचारू नका. “हे उत्तर कुठल्या ओळीवरून काढलंस?” एवढंच विचारा. आणि ओळ दाखवली, तर ती त्याच्याबरोबर बसून वाचा.

पुढच्या वेळी याच वाटेने आणखी थोडं पुढे जाऊ. १८९८ साली यान फू यांनी हक्सलीचा ग्रंथ चिनीत आणला आणि भाषांतराच्या तीन कसोट्या सांगितल्या. निष्ठा, सुबोधता आणि डौल या तिन्ही एकत्र नांदू शकतात का, ते बघू.